किरायदाराला आता कोण विचारतो?

31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि विदर्भात चालत आलेला 1949चा सीपी अँड बेरारचा (मध्य प्रांत व वऱ्हाडचा) भाडे नियंत्रण आदेश मोडीत निघाला. त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. चंद्रपुरात कुणी साधी आठवणही काढली नाही, हे मनाला लागलं.

जुन्या आदेशाची पहिली तीस-चाळीस वर्षं कोरडीच. खरी धग 1990 नंतरच्या दशकातली. दुर्गापूरचं वीज केंद्र, भोवतालच्या कोळसा खाणी, बल्लारपूरची पेपर मिल. कामावर लागलेला माणूस आधी किरायाची खोली शोधायचा. ठेकेदाराने पगार लांबवला की किराया थकायचा. पण तीन महिने थकले तरी घरमालकाला थेट कोर्टात जाता येत नसे. आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मग नोटीस, मग दावा. ती परवानगी मिळवायला मालकांचे वकील ‘सवयीचा थकबाकीदार’ हा मुद्दा रेटत, आणि तो तयार करायची युक्ती ठरलेली: किराया घ्यायचाच नाही. माझ्या घरमालकाने तेच केलं. मग पोस्टात जाऊन मनिऑर्डर करायची आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आलेला कागद ट्रंकेत जपायचा. कंट्रोलरपुढे तोच कामी यायचा. खटले रेंगाळत, गरजू मालकही त्यात भरडले जात, हे खरं. तरी घराबाहेर काढण्याआधी कुणीतरी किरायदाराचं ऐकून घेई.

नवा कायदा वाचायला वाईट नाही. थकबाकीच्या नोटिशीनंतर 90 दिवस दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत 15 टक्के व्याज आणि दाव्याच्या खर्चासह रक्कम भरली, तर त्या कारणाने घर जात नाही. पण हे सगळं किरायदारासाठी. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्याला यातलं काहीच नाही; उलट मुदतीनंतर थांबला तर दुप्पट आकार. आज जिकडेतिकडे तोच करार पुढे केला जातो. दार उघडं ठेवून कुलपाचं कौतुक करण्यातला हा प्रकार.

गडचिरोलीत 2011 साली गोंडवाना विद्यापीठ आलं. एटापल्ली, भामरागडची पोरं तिथे खोली करून राहतात. घरी तेंदूपत्त्याचा पैसा हाती येईपर्यंत किराया थांबतो आणि मालक सामान बाहेर ठेवायची धमकी देतो. अशा पोरांच्या हाती एक गोष्ट तरी आहे: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, मग तो लीव्ह अँड लायसन्सचा का असेना. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. कायद्याचं कलम 55 हेच सांगतं. प्रवेशाच्या दिवशी हे कलम मराठीत आणि गोंडीत छापून प्रत्येक पोराच्या हातात द्यायला विद्यापीठाला कितीसा खर्च येणार आहे?