कॉलेजचा गृहपाठ : मदत कोणाची आणि कुठवर?

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतील अनेक मराठी घरांत रात्री उशिरा फोन वाजू लागतात. नुकताच कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेलेला मुलगा किंवा मुलगी पलीकडून सांगत असते, "बाबा, उद्या सकाळी प्रोग्राम द्यायचा आहे आणि तो चालतच नाही." बाबांची सॉफ्टवेअर क्षेत्रात वीस वर्षे गेलेली असतात. स्क्रीन शेअर होतो, तीस-चाळीस ओळी बाबांच्या सांगण्यावरून लिहून होतात, प्रोग्राम चालतो आणि दोन्ही घरे निश्चिंत होऊन झोपी जातात. आपल्या हातून काही गैर घडले असे कोणालाच वाटत नाही. बहुतेक अमेरिकी कॉलेजांच्या नियमांनुसार मात्र त्या रात्री शैक्षणिक अप्रामाणिकपणा घडलेला असतो.

दोन पद्धतींमधील अंतर

हा गैरसमज अनेकदा पालकांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतून आलेला असतो. महाराष्ट्रातील इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेल्यांना 'जीटी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. काचेखाली दिवा लावून मित्राच्या ड्रॉइंग शीटवर आपली शीट ठेवायची आणि रेघा गिरवायच्या, हे ग्लास ट्रेसिंग सबमिशनच्या आठवड्यातील सर्वमान्य कर्म होते. जर्नलही एकमेकांचे पाहून उतरवले जाई. खरी कसोटी विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत लागे, त्यामुळे वर्षभराच्या कामाकडे औपचारिकता म्हणून पाहिले जाई.

अमेरिकेत दर आठवड्याचा गृहपाठ थेट अंतिम श्रेणीत मोजला जातो. प्रोग्रामिंगच्या विषयांत तर त्याचा वाटा अनेकदा मोठा असतो. त्यावर विद्यार्थ्याचे नाव असणे म्हणजे 'हे काम माझे आहे' असे लेखी सांगण्यासारखेच मानले जाते. मदत वडिलांनी केली, वर्गमित्राने केली की पैसे घेऊन एखाद्या संकेतस्थळाने केली, याने नियमाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

रेघ कुठे आखली आहे?

याचे उत्तर प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये असते. एकाच विद्यापीठात एक प्राध्यापक गटाने गणिते सोडवायला सांगतो, तर दुसरा त्याच कामाला मनाई करतो. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यात सिलॅबसमधील सहकार्याविषयीचा परिच्छेद शांतपणे वाचणे आवश्यक ठरते.

हार्वर्डमधील 'सीएस ५०' या प्रसिद्ध प्राथमिक अभ्यासक्रमाचा नियम उदाहरणादाखल पाहण्याजोगा आहे. अडलेल्या विद्यार्थ्याने आपला कोड दुसऱ्याला दाखवून मदत मागावी, पण दुसऱ्याचा कोड स्वतः पाहू नये. प्रश्नाविषयी साध्या भाषेत चर्चा करावी, तयार उत्तराची देवाणघेवाण करू नये. याच अभ्यासक्रमात २०१४ पासून एक तरतूद आहे. नियम मोडलेल्या विद्यार्थ्याने ७२ तासांच्या आत स्वतःहून कबुली दिली, तर त्या कामापुरती शिक्षा होते. प्रकरण शिस्तपालन मंडळाकडे जात नाही.

पकडले कसे जाते?

व्हेरिएबलची नावे बदलली, ओळींचा क्रम हलवला की नक्कल लपते, ही समजूत जुनी आहे. अलेक्स ऐकन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली 'मॉस' ही प्रणाली नावांकडे पाहतच नाही. ती प्रोग्रामच्या रचनेचे लहान लहान तुकडे करून त्यांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहते. साम्य आढळले तर निर्णय माणूसच करतो, पण प्रकरण त्याच्या टेबलावर आलेले असते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने वर्गात न शिकवलेल्या, अनुभवी व्यावसायिकाच्या धाटणीने लिहिलेला कोडही शिकवणाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

शिक्षा त्या कामाला शून्य गुण देण्यापासून विषयात नापास करण्यापर्यंत आणि गंभीर प्रकरणात निलंबनापर्यंत जाऊ शकते. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांसाठी निलंबनाचा अर्थ आणखी कठोर आहे. पूर्णवेळ नोंदणी तुटली की देशातील वास्तव्याचा आधारच जातो. एच-४ वर वाढलेली आणि २१ व्या वर्षी एफ-१ कडे वळलेली मुले याच कक्षेत येतात. ज्या घराने ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे काढली, त्या घराला एका रात्रीच्या चाळीस ओळी फार महाग पडू शकतात.

हक्काची मदत

याचा अर्थ विद्यार्थ्याने एकट्याने कुढत बसावे असा नाही. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातील ठरावीक तास 'ऑफिस अवर' म्हणून मोकळे ठेवतो. टीचिंग असिस्टंट वेगळा वेळ देतात. बहुतेक कॉलेजांत गणिताचे मोफत शिकवणी केंद्र असते. कठीण विषयांसाठी, तो विषय आधी उत्तम प्रकारे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनाखाली गटसत्रे चालतात. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते.

या सोयी आहेत, पण हुशार म्हणून वाढलेली मुले तिकडे फिरकत नाहीत. ऑफिस अवर 'कच्च्या' मुलांसाठी असतो, हा समज त्यांना अडवतो. बर्कली येथे १९७० च्या दशकात गणितज्ञ युरी ट्राइझमन यांनी याच प्रश्नाचा जवळून शोध घेतला. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात, हे पाहण्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांचा दिनक्रम निरखला. ही मुले मेहनती होती, मात्र एकट्याने अभ्यास करत होती. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः गणिते सोडवत, मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत आणि एकमेकांच्या चुका काढत. ट्राइझमन यांनी कठीण गणितांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत सहभागी झालेल्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

तयार उत्तरांचा मोह

उत्तरे विकणारी संकेतस्थळे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांनी मोह वाढवला आहे. रटगर्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये अकरा वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. गृहपाठ करूनही परीक्षेत त्याचा लाभ न झालेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २००८ मध्ये १४ टक्के होते, ते २०१७ मध्ये ५५ टक्क्यांवर गेले. उत्तरे इंटरनेटवरून उचलली जाणे, हे संशोधकांनी त्यामागचे कारण मानले. चॅटजीपीटी तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

साधन सरसकट वाईट नसते. 'सीएस ५०' ने २०२३ मध्ये स्वतःचा एक सहायक उपलब्ध करून दिला. तो उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्याला उत्तराकडे वळवतो. इतर साधनांना मात्र तिथे मनाई आहे. कोणते साधन चालेल, याचा निकाल पुन्हा सिलॅबसच देतो.

पालकांनी काय करावे?

१९७४ च्या 'फर्पा' कायद्यानुसार मूल कॉलेजात दाखल झाले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क त्याच्याकडे जातो. पालक करासाठी मुलाला आश्रित दाखवत असतील तर कॉलेज त्यांना माहिती देऊ शकते, पण तशी सक्ती नाही. त्यामुळे गुण किंवा चौकशीची नोटीस घरी कळेलच असे नाही. घरात मोकळेपणाने बोलता येणे, हाच माहितीचा भरवशाचा मार्ग उरतो.

फोन आलाच, तर उत्तराऐवजी प्रश्न द्यावेत. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मधील 'हाऊ टु सॉल्व्ह इट' या पुस्तकात अशा प्रश्नांची शिस्तच घालून दिली आहे : काय काढायचे आहे, काय दिले आहे, यासारखे गणित पूर्वी सोडवले आहे का? प्रोग्रामिंगलाही ती लागू पडते. समजा, यादीत दहा घटक आहेत आणि प्रोग्राम शेवटी कोसळतो. "लूपमध्ये एक कमी कर" असे सांगणे पाच सेकंदांचे काम आहे. त्याऐवजी "पहिल्या घटकाचा क्रमांक काय? शेवटच्याचा काय? लूप कुठे थांबतो? तीनच घटक घेऊन कागदावर चालवून बघ" असे विचारले, तर मोजणी शून्यापासून सुरू होऊन नऊवर संपते आणि लूप मात्र दहापर्यंत धावतो, हे मुलाला स्वतःच दिसते. यात वीस मिनिटे जातात, पण परीक्षेत तीच वीस मिनिटे उपयोगी पडतात. सिलॅबसने बाहेरील मदत पूर्णच नाकारली असेल, तर हे प्रश्नसुद्धा ऑफिस अवरमध्येच विचारले जावेत.

मदत योग्य होती की नाही, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. फोन ठेवल्यानंतर मुलाने कोरा कागद घेऊन तेच उत्तर पुन्हा एकट्याने लिहून पाहावे. लिहिता आले नाही, तर सकाळी ऑफिस अवर आहेच. रात्रीचा फोन बंद करण्याची गरज नाही, फक्त त्यात पहिला प्रश्न "प्रोफेसरांना भेटलास का?" हा असावा.