वाढत्या आकड्याचं गणित

पुण्याजवळच्या माणच्या आयटी पट्ट्यात शनिवार-रविवारला सुट्टी जोडून आली की गोव्याचे बेत शिजतात आणि त्यात हल्ली किनाऱ्याआधी मांडवीतल्या कॅसिनोंचं नाव निघतं. मला स्वतःला पत्त्यांत रस नाही. मी तिथे जातो तो स्लॉट यंत्रांच्या डोक्यावर पळणारा जॅकपॉटचा आकडा बघायला.

कायद्याचं आधी उरकतो. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या खेळांना.

आता तो आकडा. प्रत्येक पैजेतला छोटा हिस्सा त्यात पडत जातो, म्हणजे बक्षीस हरणाऱ्यांच्याच पैशाने फुगतं. सुरुवातीची रक्कम तेवढी कॅसिनोची. एकट्या यंत्राचा जॅकपॉट सावकाश वाढतो, एका दालनातली यंत्रं जोडली की वेग येतो आणि अनेक कॅसिनो जोडले की वेडच. नेवाडात १९८६ पासून चालणारा ‘मेगाबक्स’ या शेवटच्या जातीचा. मार्च २००३ मध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबरमध्ये त्याने सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलर दिले, तेही पंचविशीतल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला! आमच्याकडच्या पोरांना हे सांगू नये, पण ती शक्यता कोट्यवधींत एक असते.

माझा जीव मात्र ‘मिस्टरी’ जॅकपॉटवर. इथे चित्रं जुळावी लागत नाहीत. संगणक आधीच गुपचूप एक आकडा निवडतो, जॅकपॉटचं वाढतं मीटर तिथे पोचलं की त्या क्षणी खेळणाऱ्याला बक्षीस. काही यंत्रांवर कमाल मर्यादा लिहिलेली असते, त्याआधी जॅकपॉट फुटलाच पाहिजे. समजा मर्यादा २०,००० रुपये, मीटर १९,५०० वर आणि दर शंभरातला एक रुपया मीटरमध्ये जातो. उरलेले ५०० भरायला जास्तीत जास्त ५०,००० च्या पैजा लागतील, सरासरी २५,००० च्या. यंत्र एरवी शंभरी दहा रुपये खात असेल, तर तोटा अडीच हजार आणि बक्षीस वीस हजारांच्या आसपास. मीटर दहा हजारांवर असताना मात्र हाच खेळ सरळ घाट्याचा. एका बोटीवर शेजारच्या काकांना हे समजावलं, तर ते म्हणाले, “साहेब, मग तुम्ही का बसत नाही?” बसत नाही, कारण मीटर काठाशी आलं की सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात.

या वाढत्या जॅकपॉटचा खरा भाऊबंद पुण्याच्या रेसकोर्सवर भेटतो. पावसाळी हंगामात जॅकपॉटला ओळीने पाच शर्यतींचे विजेते सांगायचे. कुणालाच जमलं नाही, तर मोठा हिस्सा पुढच्या खेपेला जमा होतो. क्लब आपली कपात आधीच घेऊन बसलेला असतो, त्यामुळे मागून आलेला पैसा नव्या खेळणाऱ्यांना फुकटचाच. शिवाय १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोडदौडीला कौशल्याचा खेळ मानलं आहे. मिस्टरी यंत्रापुढे अभ्यास कसला करणार?

तरीही कुणी जाणारच असेल, तर यंत्रावर कमाल मर्यादा छापली आहे का ते आधी बघा. नसेल, तर त्या वाढत्या आकड्यावरून तुम्हाला काहीच ठरवता येणार नाही. ते पैसे पणजीत सुरमई थाळीवर खर्च करा.