भाषा आणि अस्मिता: आयर्लंड व मराठवाडा

एखाद्या समाजाची आधुनिक अस्मिता त्याच्या बोलत्या भाषेवर उभी असते, असे सामान्यतः मानले जाते. आयर्लंडचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली तेव्हा आयरिश भाषा बहुसंख्य घरांतून निघून गेली होती. १९३७ च्या राज्यघटनेने तिला प्रथम राजभाषेचे स्थान दिले. तथापि नव्या आयरिश वाङ्मयाची कीर्ती जगभर पसरली ती मुख्यतः येट्स, सिंज यांच्या इंग्रजी लेखनाने.

मराठवाड्यात याच्या उलट घडले. येथे मराठी घरात, शेतात आणि कीर्तनात अखंड नांदत होती. तिला मज्जाव होता तो कचेरीत आणि उच्च शिक्षणात. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फार्सीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान, कायदा व वैद्यक हे विषयही उर्दूतून शिकविले. देशी भाषेत आधुनिक ज्ञान आणण्याचा हा प्रयोग वस्तुतः थोर होता, आणि परिभाषानिर्मितीचे त्याचे कार्य आजही अभ्यसनीय आहे. परंतु बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी वा कन्नड होती, याची दखल त्यात नव्हती.

साहजिकच येथील चळवळीस भाषेचे पुनरुज्जीवन करावयाचे नव्हते, तर तिच्यासाठी संस्था उभारावयाच्या होत्या. औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९१५ पासून सरस्वती भुवनचे शैक्षणिक कार्य चालले. १९३१ साली हैदराबादेस श्री. व्यं. केतकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. शाळा, संमेलन, परिषद या क्रमाने भाषेचा प्रश्न राजकीय हक्काचा प्रश्न बनला.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९५८ मध्ये त्यास स्वतःचे विद्यापीठ लाभले. भाषेस राज्याश्रय मिळताच मात्र दुसरा प्रश्न पुढे आला: ही मराठी कोणाची? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात दलित लेखकांची नवी पिढी घडली, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने तिला हक्काचे व्यासपीठ दिले. १९७८ साली विधिमंडळाने विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला तेव्हा मराठवाड्याच्या अस्मितेचा हवाला समर्थक आणि विरोधक, दोघांनीही, मराठीतूनच दिला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. आणि विद्यापीठाच्या नावात आंबेडकरांचे नाव येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला.