खोक्यांची कुळे

मराठीत ‘खोके’ हे एकच नाम निरनिराळ्या घडणींना पुरते. मागणीपत्रात मात्र ते अपुरे पडते. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी युरोपीय उत्पादकांच्या महासंघाने चार अंकी संकेत योजिले आहेत. पहिले दोन अंक, भाषाकुलाप्रमाणे म्हणा, कूळ दर्शवितात. सर्वपरिचित ०२०१ मध्ये सर्व झडपा सारख्या लांबीच्या असून बाहेरच्या दोन मध्यावर भिडतात. पुठ्ठा अत्यल्प वाया जातो, म्हणूनच त्याचा एवढा प्रसार. ०२०३ मध्ये बाहेरची एक झडप दुसरीवर पूर्ण चढते व दुहेरी तळ जड माल पेलतो. ०३ कुळात झाकण सुटे असते. सफरचंदे पुष्कळदा अशाच खोक्यांतून जातात. ०४२७ मध्ये ते अंगचेच असून आत खोचले जाते. तेव्हा नुसते ‘झाकणाचे खोके’ लिहिल्यास यांपैकी कोणते, हा संशय उरतोच.