वस्तऱ्याचें पोलाद

‘क्षुर’ हा शब्द संस्कृतांत फार जुना आहे. आत्मज्ञानाची वाट किती बिकट, हें सांगतांना कठोपनिषदांतही वस्तऱ्याच्या धारेचाच दाखला दिला आहे. त्या धारेचें मोल मला मात्र कळलें तें तीर्थरूपांचा वस्तरा माझ्या हातून बिघडल्यावर.

तो वस्तरा जर्मनींतील झोलिंगन गांवचा. तीर्थरूपांनीं पंचवीस-तीस वर्षें तोच वापरला व त्यांच्या पश्चात् तो माझ्याकडे आला. धार कांहींशी बोथटली होती. आमच्या घरोब्याच्या न्हाव्यांना आम्ही मामा म्हणत असूं. त्यांना विचारावयाचें सोडून, ‘त्यांत काय मोठेंसें!’ अशा शहाणपणानें मीं तो यंत्राच्या फिरत्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या, पात्याच्या कडेवर सुरेख निळी झांक आली. मामांनीं तो पाहिला आणि एवढेंच म्हणाले, “मास्तर, ह्याचें पाणी उतरलें.”

ह्या वाक्यांत सारें शास्त्र आलें. पोलाद म्हणजे लोखंड व कार्बन यांचा मिलाफ. वस्तऱ्याच्या जुन्या पोलादांत कार्बन शेंकडा १ च्या आसपास असतो. असें पोलाद लाल तापवून एकदम थंड केलें कीं तें कांचेसारखें कठीण, पण तसेंच ठिसूळ होतें. म्हणून तें पुन्हां सुमारें १५० ते २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊन करून ठिसूळपणा कमी करतात. ह्या सगळ्या क्रियेला आपण पाणी देणें म्हणतों. पातें निळें पडलें म्हणजे उष्णता ३०० अंशांच्या घरांत गेली व कठीणपणा ओसरला. मग कितीही घांसा, धार टिकत नाहीं. पुन्हां पाणी द्यावें, तर इतकें पातळ पातें वांकडें होण्याचें भय.

पोलादाचें हें ज्ञान परदेशांतूनच आलें असें मात्र समजूं नये. आपल्या सोलापुरांत कानडी व तेलुगु दोन्ही कानांवर पडतात, म्हणून ‘उक्कु’ हा शब्द पुष्कळांना ठाऊक असेल. इंग्रजींतील ‘वूट्झ’ हें पोलादाचें नांव त्यावरूनच आलें असें मानतात. तेलंगणांतील कोनसमुद्रम् येथील पोलाद घेण्यास इराणचे व्यापारी येत. १७९४ सालीं मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं ह्या पोलादाचे नमुने लंडनला सर जोझेफ बँक्स यांजकडे धाडले. पुढें स्टोडार्ट नांवाचा शस्त्रें घडविणारा कारागीर व प्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनीं १८१९ ते १८२२ च्या सुमारास मिश्र पोलादांचे प्रयोग केले, त्यांच्या मुळाशीं हेंच वूट्झ होतें. त्यांतील एका पोलादाचे वस्तरे फॅरडे आपल्या स्नेह्यांना भेट देत असे.

गेल्या दिवाळींत माझ्या पुतण्यानें एक झगझगीत वस्तरा स्वस्तांत आणला. तिसऱ्याच दाढीला तो केंस ओढूं लागला. “काका, पोलाद ओळखावें कसें?” त्यानें विचारलें. त्याला सांगितलें तेंच येथें लिहितों.

झळाळी पाहूं नये. ती घोटण्यानें येते, पोलादाच्या गुणानें नव्हे. छाप पहावा, पण त्यावरच विसंबूं नये. झोलिंगन ह्या नांवाला जर्मनींत १९३८ पासून कायद्याचें संरक्षण आहे, तरी खोटा छाप मारणारे असतातच. नखानें पातें छेडून नाद ऐकणारे पुष्कळ, पण त्या नादावरून पातें किती पातळ घांसलें आहे एवढेंच कळतें.

कार्बनचें पोलाद निसण्यावर लवकर धार घेतें, पण ओलें राहिलें कीं गंजतें. गंज न धरणारें पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनें १९१३ सालीं काढलें. आजच्या अशा चांगल्या पात्यांत सुमारें १३ टक्के क्रोमियम असतें. कोंकणांतल्या दमट हवेंत हेंच बरें. आपल्या कोरड्या सोलापुरांत, पुसून तेलाचें बोट फिरविण्याची संवय असेल, तर कार्बनचा वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. गृहिणींना विळीच्या पात्यावरून हा भेद परिचितच आहे.

दोन वस्तऱ्यांची तुलना करावयाची तर परीक्षेचा नियम पाळावा, दोघांना प्रश्नपत्रिका एकच. निसणा तोच, चामड्याचा पट्टा तोच. एक वस्तरा उजव्या गालावर, दुसरा डाव्या, व दुसऱ्या दिवशीं अदलाबदल. पुन्हां निसण्यावर न लावतां ज्याच्या सुखाच्या दाढ्या अधिक, त्याचें पोलाद सरस.

आणखी एक. एकत्र कुटुंबांत एकच वस्तरा चौघांनीं वापरण्याची जुनी रीत सोडावी. सूक्ष्म जखमेंतून कावीळ ब व एड्स यांसारखे रोग एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत जाऊं शकतात.

पुतण्यानें शेवटीं कार्बनचा एक जुना वस्तरा पसंत केला. धार लावण्यापूर्वीं तो घेऊन मामांच्या मुलाकडे गेला व निसण्यावर हात कसा फिरवावा हें तासभर शिकून आला. तीर्थरूपांचा निळा पडलेला वस्तरा माझ्या टेबलाच्या खणांत आहे. त्या दिवशीं मीही एवढेंच करावयास हवें होतें.