स्क्रॅपबुकातली माणसं

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी मेटा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप विकत घेऊन कंपनीने मक्तेदारी उभी केली, हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा आरोप टिकला नाही. निकालापेक्षा मला लागला तो कंपनीचा बचाव. लोक फेसबुकवर जो वेळ काढतात त्यातला जेमतेम १७ टक्के मित्रांनी टाकलेलं बघण्यात जातो, इन्स्टाग्रामवर तर ७ टक्के. हे आकडे कंपनीनेच कोर्टात ठेवले. बाकी बराचसा वेळ अनोळखी लोकांच्या व्हिडिओंचा. त्यामुळे आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे, असं तिचं म्हणणं होतं आणि ते कोर्टाला पटलं.

याच कंपनीचे मार्क झुकरबर्ग जानेवारी २०१८ मध्ये सांगत होते, की यापुढे फीडमध्ये मित्रांना आणि घरच्यांना अग्रक्रम मिळेल. तेव्हा मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. कारण मैत्री जपणारी जागा इंटरनेटवर असू शकते, हे मी पाहिलेलं होतं. त्या जागेचं नाव ऑर्कुट.

त्याआधीच्या वर्षांबद्दल मला फार काही सांगण्यासारखं नाही. याहूच्या चॅटरूममध्ये वय, लिंग, गाव विचारायचं आणि नको ते उत्तर आलं की निघून जायचं, यात कुणी कुणाचं झालं नाही. अपवाद एकच, १९९६ पासून चालू असलेली मायबोली. परदेशात गेलेल्या मराठी माणसांना तिने भाषा आणि सोबत दोन्ही दिलं, आणि ‘गटग’च्या, म्हणजे गेट-टुगेदरच्या, निमित्ताने माणसं एकमेकांच्या घरी जेवायला जाऊ लागली. पण आमच्यासारख्या सांगलीहून पुण्याला आलेल्या, तासाला पंधरा-वीस रुपये मोजून सायबर कॅफेच्या लाकडी खोक्यात बसणाऱ्या पोरांपर्यंत आधी पोचलं ते ऑर्कुटच.

ऑर्कुट ब्युक्योकतेन या गूगलमधल्या तुर्की अभियंत्याने ते जानेवारी २००४ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला आत जायला कुणाचं तरी आमंत्रण लागायचं, म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमचा किमान एक ओळखीचा माणूस तिथे असायचाच. पुढे दार सगळ्यांना उघडलं. ब्राझील आणि भारत हे दोन देश तिथे अक्षरशः राहायला आले.

त्याची रचना नीट आठवून सांगितली पाहिजे, कारण सगळं मर्म तिच्यात होतं. सुरुवातीच्या वर्षांत तिथे समोर आपोआप वाहत येणारं असं काही नव्हतं. मित्राचं काय चाललंय हे कळायला त्याच्या पानावर जावं लागायचं. तिथे त्याच्या स्क्रॅपबुकात लिहायचं, ते त्याला उद्देशूनच. तो उत्तर द्यायचा ते आपल्या स्क्रॅपबुकात. त्यामुळे संभाषणाचा अर्धा भाग त्याच्याकडे आणि अर्धा आपल्याकडे. तिसऱ्याला तो वाचायचा तर दोन्ही पानांवर हेलपाटा घालावा लागे, आणि लोक तो हौसेने घालत. मग मध्येच तिसराही लिहायचा, ‘काय रे, मला सोडून कुठे चाललात?’ रोमन लिपीतल्या त्या मराठीला शुद्धलेखन नव्हतं. काहींनी बरहा नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेऊन देवनागरी सुरू केली, तेव्हा आम्ही सगळे त्यांना ‘कसं केलंस?’ विचारत बसलो होतो.

कोण आपलं पान बघून गेलं हेही तिथे दिसायचं. मात्र ज्याला ते बघायचं असेल त्याने स्वतःची भेटही दुसऱ्याला दिसू द्यायला हवी, असा नियम होता. चोरून बघण्याची किंमत होती. आज शेकडो लोक आपलं बघून जातात, आपण शेकडोंचं बघतो, आणि रस्त्यात भेटलं की दोघंही काहीच माहीत नसल्यासारखं बोलतो.

टेस्टिमोनिअलबद्दल तर मला खूपच जिव्हाळा आहे. आपल्याबद्दल मित्राने चार ओळी लिहायच्या, आपण मान्य केल्या की त्या आपल्या पानावर कायमच्या दिसायच्या. बऱ्याच भाबड्या होत्या. पण त्यांचा उपयोग मी पाहिलाय. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कम्युनिटीवर ट्रेक ठरायचे, एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने निघायची. नवी मुलगी यायचं म्हणाली की आधी नेणाऱ्याच्या पानावर इतर मुलींनी काय लिहिलंय ते वाचायची, त्यातल्या एखादीला स्क्रॅप टाकून विचारायची, मगच हो म्हणायची. आयांनाही तो पुरावा पुरायचा. त्या लोकलमधून उतरलेली काही माणसं आज माझ्या घरातली आहेत.

तिथे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. मुलींचे फोटो चोरून खोटी पानं बनत, आणि अल्बमला कुलूप लावायची सोय उशिरा आली. २००६ मध्ये शिवाजी महाराजांविषयीच्या विखारी मजकुरावरून पुण्यात सायबर कॅफे फोडले गेले. मार खाल्ला तो संगणक भाड्याने देणाऱ्यांनी. पुढच्या वर्षी तशाच मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ताच चुकीचा होता, पण निरपराध माणूस पन्नासेक दिवस तुरुंगात राहिला. तरीही हा विखार शोधत कुणालातरी तिथवर जावं लागत होतं. तो रोज सकाळी सगळ्यांच्या हातात आणून ठेवणारी यंत्रणा अजून यायची होती.

ऑर्कुट का बुडालं? ते संथ होतं, स्पॅम फार झाला, गूगलचं लक्ष उडालं, हे सगळं खरं. पण जे कुणी लिहीत नाही ते मला लिहायचं आहे. ऑर्कुट सोडणाऱ्यांच्या मनात तुच्छताही होती. ‘फेसबुकवर ये, तिकडे क्राउड चांगला आहे,’ हे वाक्य मी पुण्यात किती तोंडांतून ऐकलं! चांगला क्राउड म्हणजे इंग्रजी लिहिणारा. जिल्ह्याच्या गावातून आलेली, चमचमती अक्षरं आणि गुलाबाची चित्रं स्क्रॅपमध्ये चिकटवणारी मुलं त्यांना नको होती. ऑर्कुटवर असणं हीच शिवी झाली. २०१० मध्ये फेसबुक भारतात पुढे गेलं, आणि आम्हीही मागोमाग गेलो, कारण माणसं तिकडे गेली होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप घ्यायचं ठरवलं होतं.

पुढची वर्षं भराभर सांगता येतात, कारण ती एकमेकांसारखी आहेत. २००९ मध्येच लाइकचं बटण आलं होतं आणि चार ओळी लिहिण्याची गरज संपत चालली होती. नंतर फीडचा क्रम वेळेवरून न ठरता यंत्र ठरवू लागलं. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हाउगेन यांनी २०२१ मध्ये बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून कळलं, की २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेच्या बॅचचे गट झाले, पहिले पंधरा दिवस आनंदाचे गेले, मग फॉरवर्ड सुरू झाले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. अफवा फोनवरून पसरली होती. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली.

माझ्या जवळच्या मैत्रिणीने आई गेल्याचं एका अ‍ॅपवर लिहिलं होतं. मला ते महिन्याने तिसऱ्याच माणसाकडून समजलं. तो महिनाभर त्याच अ‍ॅपने मला अनोळखी लोकांची स्वयंपाकघरं आणि कुत्री दाखवली होती. तिने मात्र असंच धरलं, की मी वाचलं आणि काही बोलले नाही. स्क्रॅपबुकाच्या काळात हे घडलं नसतं, कारण तिच्या पानावर मी गेले असते.

आता कुणी विचारलं की बोलायला कुठलं अ‍ॅप घेऊ, तर मी आधी बघायला सांगते की त्या कंपनीचं पोट कशावर भरतं. तुम्ही जितका वेळ थांबाल तितका तिचा फायदा असेल, तर आज ना उद्या ती मित्रांच्या जागी व्हिडिओ आणणारच. मित्र दिवसातून दोनदा काहीतरी लिहितो, व्हिडिओ संपत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचे एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, फेसबुक काढून टाका असं उघड म्हणाले आणि सिग्नल या अ‍ॅपच्या ना-नफा संस्थेला त्यांनी ५ कोटी डॉलर दिले. आमचा कसारा लोकलचा गट आता सिग्नलवर आहे. तिथे फॉरवर्ड चालत नाही. काही दिवस कुणीच काही लिहीत नाही, आणि तरी गट मेला असं कुणाला वाटत नाही.

पण गटातले सगळे तिथे आलेले नाहीत, आणि दोष त्यांचा नाही. सोसायटी, शाळा, दवाखाना, गॅसवाला, सगळे एकाच अ‍ॅपवर बसलेत. ते सोडणं म्हणजे गाव सोडणं. पण सोडणं सोपं करता येतं: २०११ मध्ये देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची मुभा मिळाली आणि कंपन्यांना ग्राहकाची भीती वाटू लागली. युरोपीय संघाच्या कायद्याने व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपवरचे निरोप घ्यायला भाग पाडलं. आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला, पण असं दार उघडायला सांगितलेलं नाही. ते सांगायला हवं. मग माझी सांगलीची बहीण तिचं अ‍ॅप न बदलता मला लिहील आणि मी माझ्या अ‍ॅपवरून तिला उत्तर देईन. शाळेच्या गटासाठी तिला दुसरीकडे थांबावं लागलं, तरी आमच्या बोलण्यात मध्ये कुणाची जाहिरात येणार नाही.