जर्मन रुलाडन, आपल्या हलाल हंडीत

परक्या मुलखातल्या पदार्थाचे नाव निघाले की आपल्या घरांत चवीच्या आधी एकच प्रश्न विचारला जातो : 'त्यात काय काय असते?' हा प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारून आपण बहुधा तिथेच थांबतो. डुकराचे मांस किंवा दारू असल्याचे कळले की पदार्थच बाजूला सारतो. खरे तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : त्या पदार्थात ती वस्तू नेमके कोणते काम करते? तेवढे समजले की तेच काम करणारी हलाल वस्तू बहुतेक वेळा आपल्या फळीवरच सापडते.

हे आज लिहायला एक कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा आपल्या वस्त्यांतही ऐकू येऊ लागली आहे. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो. आमच्या नात्यातला एक मुलगा असाच एक वर्ग करतो आहे. त्याच्या अम्मीला भाषेची चिंता नाही. 'तो तिथे खाणार काय?' एवढाच तिला घोर आहे. म्हणून आम्ही ठरवले, की तिथला घरगुती पदार्थ आधी इथेच शिजवून बघायचा, आणि तोही त्या मुलाच्या हातून.

रुलाडन म्हणजे काय?

जर्मन घरांत रविवारी किंवा सणावाराला होणारा हा पदार्थ. गोमांसाच्या पातळ, रुंद कापांना मोहरीची पेस्ट लावायची, त्यावर खारवलेल्या डुकराच्या मांसाची पट्टी, कांदा आणि सिरक्यातली काकडी ठेवायची, गुंडाळी करून दोऱ्याने बांधायची, तेलात चहूबाजूंनी परतायची आणि झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास शिजवायची. रश्श्यात पुष्कळदा लाल वाइन घालतात. सोबत जांभळी कोबी आणि बटाट्याचे उकडलेले गोळे.

वर्णन वाचताच जाणत्या गृहिणींना पसंदे आठवतील. गोश्तचे पारचे कापून, ठेचून, पातळ करून शिजवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फरक एवढाच, की पसंद्यांचा मसाला बाहेरून लागतो आणि रुलाडनचा मसाला आत गुंडाळलेला असतो.

आधी कायदा, मग कसाई

जर्मनीत हा पदार्थ गोमांसाचा असला, तरी महाराष्ट्रात तो तसा करता येत नाही. १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हैसवर्गीय जनावरांची कत्तल प्रमाणपत्र घेऊन करता येते. म्हणून आपल्याकडे 'बड्याचे गोश्त' म्हणजे म्हशीचे किंवा रेड्याचे. परवाना असलेल्या ओळखीच्या दुकानातूनच ते घ्यावे, पावती मागून घ्यावी आणि झाकून आणावे. हल्लीच्या दिवसांत पावतीचा तो कागद पिशवीत असलेला बरा.

हे गोश्त रंगाने गडद, कमी चरबीचे आणि थोडे चिवट असते. रुलाडनसाठी हा दोष नाही. मंद आचेवर दीर्घकाळ शिजणाऱ्या पदार्थाला असेच गोश्त मानवते. त्यातल्या चिवट पडद्यांचे हळूहळू पाणी होते आणि रस्सा दाट व चिकट होतो. कोवळे, महाग गोश्त यात वाया जाते.

कसायाला सांगा : रानाचे, बिनहाडाचे गोश्त, रेषांना आडवे कापलेले, तळहातापेक्षा मोठे आणि अर्धा सेंटिमीटर जाडीचे पारचे. सहा माणसांना एक किलोचे आठ पारचे पुरतात. थोडी पांढरी चरबीही मागून घ्या.

काय काढायचे, काय घालायचे?

डुकराच्या मांसाची ती पट्टी तीन कामे करते : कमी चरबीच्या मांसाला स्निग्धपणा देते, मीठ देते आणि धुराचा वास देते. स्निग्धपणासाठी बड्याच्या गोश्ताचीच किंवा बकऱ्याची चरबी बारीक चिरून घ्यावी. मीठ आपल्या हातात आहेच. धुरासाठी आपला धुंगार आहे : चिरलेला कांदा आणि चरबी एका पातेल्यात घेऊन मध्ये वाटी ठेवावी, वाटीत पेटता कोळसा, त्यावर तुपाचे दोन थेंब आणि पाच मिनिटे झाकण. कोळशाचा धूर बंद खोलीत कोंडू नये, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवूनच हे करावे.

वाइनचे काम आंबटपणा आणि गडद रंग देण्याचे. आंबटपणा एक मोठा चमचा सिरक्याने येतो. सिरका हे चांगले सालन असल्याचे हदीसमध्येच आले आहे. कोकणातल्या घरांत सिरक्याऐवजी दोन आमसुले टाकली तरी चालतील. रंग येतो तो कांदा नीट तांबूस-तपकिरी परतल्यामुळे. तिथे घाई केली तर रस्सा फिका होतो.

मोहरीची बाटली विकत घेतलीत तर लेबल वाचा. काही परदेशी मोहरीत, विशेषतः डिजॉन प्रकारात, पांढरी वाइन असते. त्यापेक्षा चार चमचे राई रात्रभर सिरक्यात भिजवून सकाळी चिमूटभर साखर, मीठ आणि हळद घालून वाटावी. नाकात झणका जाईल, पण स्वाद अस्सल येईल.

कृती

पारचे पाटावर ठेवून बत्त्याने किंवा वरवंट्याने हलके ठेचा. चाळीत राहणाऱ्यांनी पाटाखाली जाड घडी केलेले कापड घालावे. दुपारी खालच्या मजल्यावर रात्रपाळीची माणसे झोपलेली असतात. कच्ची पपई लावू नका. पसंद्यांना ती चालते, पण इथे पारचा विरघळला तर गुंडाळी सुटते.

प्रत्येक पारच्यावर मीठ, भरडलेली मिरी आणि एक चमचा मोहरी पसरा. एका टोकाला धुंगार दिलेला कांदा-चरबी आणि सिरक्यातल्या काकडीची एक उभी फोड ठेवा. दोन्ही कडा थोड्या आत दुमडून घट्ट गुंडाळा. पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधा, रंगीत किंवा नायलॉनचा दोरा नको. दात कोरायच्या काड्या वापरल्यात तर मोजून लावा आणि मोजूनच काढा.

कुकरमध्ये तीन चमचे तेल तापवून गुंडाळ्या चहूबाजूंनी तपकिरी होईपर्यंत परता. सुटे टोक आधी खाली ठेवावे, म्हणजे ते चिकटून बसते. गुंडाळ्या बाहेर काढून त्याच तेलात दोन कांदे, एक गाजर आणि एक टोमॅटो परता. दोन तमालपत्रे, दोन लवंगा, सिरका आणि दोन पेले गरम पाणी घाला. गुंडाळ्या परत आत सोडा. पहिली शिटी झाली की आच अगदी बारीक करून ३५ ते ४० मिनिटे ठेवा. जाड बुडाच्या हंडीत हेच काम दोन ते अडीच तास घेते. चव हंडीची सरस, पण सिलिंडरचा हिशेब कुकरच्या बाजूने.

शेवटी गुंडाळ्या काढून रश्श्यातली भाजी घोटा, रस्सा आटवा आणि दोरे सोडा. गरम मसाला आणि लाल तिखट घालण्याचा मोह पहिल्यांदा तरी आवरावा. राई, धूर आणि काकडीचा आंबटपणा हीच या पदार्थाची ओळख आहे.

सोबतीला जांभळी कोबी बारीक चिरून एक सफरचंद, एक लवंग, थोडी साखर आणि सिरका घालून झाकून शिजवा. बटाट्याचे गोळे जमत नसतील तर जायफळ घातलेला कुस्करलेला बटाटा चालेल. पावही छान लागतो.

शेजार आणि दस्तरख्वान

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची. एका घरचा फोडणीचा वास चार घरांत जातो आणि ताटांची देवघेव चालते. म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत, तरी ही देवघेव टिकावी असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच हा पदार्थ ज्या दिवशी कराल, त्या दिवशी शेजारी ताट पाठवायचे असेल तर त्यांच्यासाठी कोंबडीच्या पातळ कापांच्या चार गुंडाळ्या वेगळ्या भांड्यात करा आणि काय आहे ते आधी सांगा. शाकाहारी घरी कोबी आणि बटाटा पाठवा. न सांगता खाऊ घालणे हा शेजारधर्म नव्हे.

जाणाऱ्या मुलांसाठी

जर्मनीत सुमारे ५५ लाख मुसलमान राहतात. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला आणि त्यातून आलेली तुर्की कुटुंबे तिथे स्थिरावली. त्यामुळे मोठ्या शहरांत हलाल गोश्तची तुर्की दुकाने सापडतात. तिथे मिळणारे 'सुजुक', म्हणजे गोमांसाचे मसालेदार सॉसेज, रुलाडनमध्ये पट्टीच्या जागी घालता येते.

काही शब्द मात्र पाठ हवेत. 'रिंट' म्हणजे गोमांस. 'श्वाइन', 'श्पेक' आणि 'शिंकन' दिसले तर ते डुकराचे समजावे. 'वाइन' हा शब्द आपल्या ओळखीचाच. खिम्याच्या पाकिटावर 'गेमिश्ट' लिहिले असेल तर त्यात गोमांस आणि डुकराचे मांस एकत्र असते. नुसता 'रिंट' वाचूनही भागत नाही, हलालची खूण वेगळी पाहावी लागते.

आमच्या नात्यातल्या त्या मुलाने स्वतः पारचे ठेचले, स्वतः दोरे बांधले. दोन गुंडाळ्या सुटल्या, बाकीच्या सहा उत्तम झाल्या. त्याची अम्मी रस्सा चाखून म्हणाली, 'बेटा, मीठ थोडे कमी पडले.' मग तिने विचारले, 'तिकडे कुकर नेता येईल का?' आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी दूर शिकायला, कामाला जाणार असेल, तर जाण्याआधी दोन-तीन महिने त्यांना आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघर द्या. बॅगेत लोणच्याची बरणी भरण्याइतकीच ही तयारी गरजेची आहे.